बेळगावात नवे आहात? नळ, गटार, कचरा आणि तुमचा नगरसेवक

चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, कोल्हापूर, कुठून कुठून माणसं बेळगावात राहायला येतात. बाजारात मराठी चालते, गल्लीत मराठी चालते, त्यामुळे आठवडाभरात माणूस रुळतो. अडचण येते ती नळ कोरडा पडल्यावर किंवा दारासमोरचं गटार तुंबल्यावर. तेव्हा शेजारी सांगतात, "नगरसेवकाला फोन लावा की ओ." फोन लागतो, पलीकडून "बघतो" असं उत्तर येतं, आणि मग पंधरा दिवस कुणीच काही बघत नाही.

यात दरवेळी नगरसेवकाचाच दोष असतो असं नाही. त्याच्या हाताखाली ना प्लंबर असतो ना जेसीबी. वॉर्डात माणसं पाठवणारे अधिकारी, आणि त्यांच्या वर राज्य सरकारने नेमलेला आयुक्त. नगरसेवकाकडे असते ती सभेतली खुर्ची आणि अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून "हे अजून का झालं नाही?" असं विचारायची ताकद. ही ताकद चालायला त्याच्या हातात कागद लागतो, आणि तो कागद तयार करून देणं हे आपलं काम. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यासाठी.

पायरी १ : आपण नेमके कुणाच्या हद्दीत?

पत्त्यात 'बेळगाव' लिहिलं म्हणजे महापालिका, असं नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, जुने बेळगाव हा भाग महापालिकेत येतो. कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतला. तिथे महापालिकेचा नगरसेवक काही करू शकत नाही. बोर्डाच्या कार्यालयात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा लागतो. हिंदलगा, कंग्राळी, उचगाव, येळ्ळूर ही गावं शहराला कितीही चिकटली तरी ग्रामपंचायतीतच आहेत. मच्छे आणि पिरनवाडी ग्रामपंचायतीतून निघून आता शहरी संस्थांमध्ये मोडतात. निपाणीला नगरपालिका आहे, खानापूरला नगर पंचायत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून तिची झेरॉक्स मागून घ्या. पावतीवर संस्थेचं नाव, वॉर्ड आणि मालमत्तेचा पीआयडी नंबर असतो. हा नंबर वहीत उतरवून ठेवा. पुढे जिथे जाल तिथे आधी तोच विचारतात.

पायरी २ : वॉर्ड आणि सदस्य

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डाला एक नगरसेवक. वॉर्डांची फेररचना झाली आहे, पण जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात. त्यामुळे चहाच्या टपरीवर ऐकलेल्या नंबरावर जाऊ नका. मतदार यादीतला भाग किंवा चालू वर्षाची पावती पाहूनच खात्री करा. एकाच गल्लीची डावी बाजू एका वॉर्डात आणि उजवी दुसऱ्यात, असंही असू शकतं.

इथलं राजकारण थोडं माहीत असलेलं बरं. पूर्वी महापालिकेत मराठी गट आणि कन्नड गट असाच हिशोब चालायचा. सप्टेंबर २०२१ ची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर लढली गेली आणि भाजपला ५८ पैकी ३५ जागा मिळाल्या. निकाल लागला तरी महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. तोवर निवडून आलेले लोक होते, पण सभागृह नव्हतं. कारभार प्रशासकाच्या हातात होता. असं पुन्हाही होऊ शकतं. मुदत संपून निवडणूक लांबली की सदस्य 'माजी' होतात आणि सहीचा अधिकार अधिकाऱ्याकडे जातो. अशा काळात अर्ज थेट आयुक्तांच्या नावे लिहावा, माजी सदस्याला सोबत न्यायला हरकत नाही. खुर्ची गेली तरी कुठल्या टेबलावर फाईल अडते हे त्यालाच ठाऊक असतं.

महापौरपद वर्षाचं असतं. स्थायी समित्याही दरवर्षी नव्याने बनतात. समित्या चार : (१) कर, वित्त व अपील; (२) आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय; (३) नगररचना व सुधारणा; (४) लेखा. आपला नगरसेवक यंदा कोणत्या समितीत आहे हे विचारून घ्या. आरोग्य समितीतला सदस्य कचऱ्याबद्दल बोलला की आरोग्य निरीक्षक लवकर उठतो, हा अनुभवाचा भाग आहे.

पायरी ३ : हे काम आहे कुणाचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. गल्लीत दिसणारी प्रत्येक गोष्ट महापालिकेची वाटते, पण तसं नसतं.

रस्त्यावरचा दिवा घ्या. खांब बहुतेक ठिकाणी हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, आणि त्यावरचा दिवा महापालिकेचा. दिवा बंद असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाकडे जायचं. खांब वाकलाय, तार लोंबतेय, ठिणग्या उडतायत, तर हेस्कॉम. त्यासाठी १९१२ हा नंबर. खांबावर रंगाने नंबर लिहिलेला असतो, तो तक्रारीत टाकला की माणूस चुकत नाही. घरातली वीज गेली असेल तर बिलावरचा आरआर नंबर हाताशी ठेवा.

पाण्याचं जरा गुंतागुंतीचं. शहराला पाणी येतं राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून. शहरातल्या दहा वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, उरलेल्या भागात अजून दिवसाआड, तीन दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा. वितरणाचं काम आता खाजगी कंपनी पाहते. म्हणजे तुमच्या घरासमोर पाईप फुटली तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची आणि तिथे मिळालेला तक्रार क्रमांक नगरसेवकाला कळवायचा. दोन-तीन घरांतच पाणी कमी येत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. आख्ख्या गल्लीत कमी असेल तर व्हॉल्व्ह. आणि सगळ्या शहरातच नसेल तर वर पंपिंगची वीज गेलेली असते किंवा मोठी जलवाहिनी फुटलेली असते. अशा वेळी नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, टँकरची मागणी तेवढी करा. टँकर आला की तो गल्लीच्या कोणत्या टोकाला उभा राहणार, हेही आधीच ठरवून घ्या, नाहीतर पहिली दहा घरं भरतात आणि बाकीची भांडतात.

कचरा, गटार, झाडलोट हे आरोग्य विभागाचं. घंटागाडी येत नसेल तर पहिला फोन वॉर्डाच्या मुकादमाला, दुसरा आरोग्य निरीक्षकाला, आणि नगरसेवकाला तिसरा. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा नियम २०१६ पासून देशभर आहे. गाडीवाल्याने मिसळलेला कचरा नाकारला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, नियम त्याच्या बाजूने आहे. शहराचा कचरा जातो तुरमुरीला. त्या डेपोच्या आसपासच्या गावांना वास आणि माश्या काय असतात ते एकदा विचारून बघा, मग घरात दोन बादल्या ठेवण्याचा कंटाळा येणार नाही.

रस्त्यांमध्ये गल्लीतला महापालिकेचा, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, आणि शहराच्या कडेने जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा (मदतीसाठी १०३३). नवीन लेआउटमधला रस्ता असेल तर आणखी एक प्रश्न येतो : तो लेआउट बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) महापालिकेकडे हस्तांतरित केलाय का? केला नसेल तर महापालिका तिथे डांबर टाकत नाही, आणि नगरसेवक बुडाकडे बोट दाखवतो. त्याचं बोट बरोबरच असतं.

रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांसाठी नगरसेवकाच्या दारात जाऊ नका. पहिलं अन्न खात्याचं, बाकीचे दोन नाडकचेरीचे, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचे.

पायरी ४ : कागद

तोंडी सांगितलेलं काम तोंडीच राहतं. अर्ज एका पानाचा असावा, त्यात एकच विषय असावा. गटार, दिवा आणि कुत्री एकाच अर्जात घातली की तो अर्ज तीन विभागांत फिरतो आणि कुठेच थांबत नाही. मजकूर असा पुरतो :

"मा. आयुक्त, महानगरपालिका, बेळगाव. विषय : वॉर्ड क्र. __, __ गल्ली, घर क्र. __ ते __ समोरील तुंबलेले गटार. महोदय, वरील ठिकाणचे गटार __ तारखेपासून तुंबले असून सांडपाणी रस्त्यावर वाहत आहे. जवळच अंगणवाडी आहे. आरोग्य निरीक्षकांकडे __ तारखेला तक्रार केली, तक्रार क्र. __. गटार साफ करून तुटलेल्या फरशा बसवाव्यात ही विनंती. सोबत : दोन फोटो, रहिवाशांच्या सह्या. प्रत : मा. नगरसेवक, वॉर्ड क्र. __."

'अनेक दिवसांपासून', 'वारंवार सांगूनही' असले शब्द घालू नका, तारीख घाला. फोटोत ओळखीची खूण दिसू द्या, म्हणजे देवळाची कमान, दुकानाचा बोर्ड वगैरे.

आता भाषेचा प्रश्न. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रारीचं निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगावात मराठीतून अर्ज देणं हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, आणि मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही मागणी इथे फार जुनी आहे. पण फाईलवर शेरा मारणारा अभियंता बागलकोट किंवा विजयपूरहून बदलून आलेला असू शकतो, आणि त्याला मराठी वाचता येत नसेल तर तुमचा अर्ज खाली सरकतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हक्कही राहतो आणि गटारही साफ होतं. कन्नड लिहिणारं कुणीतरी प्रत्येक गल्लीत असतं. कन्नड शाळेत जाणारी दहावीची मुलगीसुद्धा ते दहा मिनिटांत लिहून देते. कन्नड प्रतीतला वॉर्ड नंबर आणि तारखा मात्र स्वतः तपासा.

अर्ज दोन प्रतींत न्या. सुभाषनगरच्या महापालिका कार्यालयात आवक विभागात एक द्यायचा आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. कन्नडमध्ये या पोचेला 'स्वीकृती' म्हणतात. "स्वीकृती कोडी" एवढं म्हटलं तरी समोरचा शिक्का उचलतो. शिक्का नसेल तर अर्ज दिला असं कुणी मानत नाही.

पायरी ५ : नगरसेवकाची भेट

जुन्या बेळगावात एकट्याने जायची पद्धत नाही. गल्लीला पंच असतात. देऊळ, गणेशोत्सव, गल्लीची भांडणं त्यांच्याकडे असतात. नव्या माणसाने आधी पंचांना भेटावं. "मामा, आमच्या कोपऱ्यावरचं गटार तुंबलंय, अर्ज दिलाय, तुम्ही बरोबर येता काय?" एवढं विचारलं की मामा येतात, आणि मामा आले की नगरसेवक घरात असतो. सदाशिवनगर किंवा भाग्यनगरसारख्या भागात पंच नसतील तर रहिवासी संघटना किंवा युवक मंडळ पाहा.

शिक्क्याची प्रत घेऊन सकाळी लवकर जा. बहुतेक नगरसेवक नऊच्या आधी घरी भेटतात, नंतर ते कचेरीत, साइटवर किंवा लग्नात असतात. बोलणं थोडक्यात ठेवा आणि शेवटी एकच विचारा : "याचं पुढे कुणाकडे जाईल आणि मी कधी विचारू?" त्याने अभियंत्याचं नाव सांगितलं की अर्धं काम झालं. जागेवरून फोन लावला तर पाऊण.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमची सदस्य ताई असण्याची शक्यता मोठी. पण फोन कितीदा तरी तिचा नवरा किंवा दीर उचलतो आणि "काय काम होतं, मला सांगा" म्हणतो. मला ही पद्धत मुळीच पसंत नाही. अर्जावर निवडून आलेल्या बाईंचंच नाव घाला, भेट त्यांचीच मागा. सभेत हात वर करण्याचा अधिकार त्यांचा आहे, दिरांचा नाही. शिवाय नळ कोरडा पडल्यावर काय होतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

पक्षाचा प्रश्न भेटीत काढू नका. मत कुणाला दिलं हे कुणी विचारलं तर "अजून नाव यादीत चढायचंय" हे नव्या माणसाचं खरं आणि सोयीचं उत्तर आहे.

पायरी ६ : काम झालं नाही तर

आठवड्याने एक फोन, पंधरवड्याने स्मरणपत्र. स्मरणपत्रात जुना आवक क्रमांक लिहायचा. त्यानंतरही हालचाल नसेल तर राज्य सरकारच्या तक्रार निवारणासाठी १९०२ हा क्रमांक आहे. तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

दाखले, खाता (मालमत्तेची महापालिकेतली नोंद) उतारा अशा ठरावीक सेवांना 'सकाल', म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा लागू आहे. अर्ज देताना सकालचा जीएससी नंबर असलेली पोच मागा. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. वीस रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण हा नंबर पाहिला की कारकून तारखा मोजायला लागतो.

शेवटचा उपाय माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. महाराष्ट्रातून आलेल्यांनी नियम इथलेच पाळावेत. "का केलं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "आवक क्र. __ वर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या प्रती द्याव्यात" असं मागा. नगरसेवकाला हे आधी सांगून ठेवलेलं बरं. काहींना राग येतो, काहींना उलट आनंद होतो, कारण तेही त्याच टेबलाला कंटाळलेले असतात.

गावात असाल तर

ग्रामपंचायतीत माणसं आणि कागद दोन्ही कमी. साधारण ४०० लोकांमागे एक सदस्य, म्हणजे तो तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण कोण कुणाच्या गटाचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. कारभार चालतो पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे पीडीओच्या सहीने. पाण्यासाठी आधी वॉटरमनला गाठायचं. सदस्यापेक्षा तोच उपयोगी. मोठ्या कामासाठी वॉर्डसभा आणि ग्रामसभा हीच जागा. तिथे मागणी इतिवृत्तात लिहून घेतली का ते उठण्यापूर्वी पाहा. टाळ्या पडल्या म्हणजे ठराव झाला असं नव्हे.

सही, दाखला, खाता

नव्या माणसाला सगळ्यात आधी अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. आधारवरचा पत्ता बदलायचा आणि भाडेकरार नाही, अशा वेळी आधारच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला नगरसेवकाच्या सही-शिक्क्याने चालतो. लेटरहेडवर लिहून आणलेलं पत्र केंद्रवाले परत पाठवतात. नमुना छापून, फोटो चिकटवून न्या. दाखला तीन महिनेच चालतो.

जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यातला जन्म दवाखानाच कळवतो, तुम्ही नावाचं स्पेलिंग तपासा, इंग्रजी आणि कन्नड दोन्ही. कन्नड लिपीत आडनाव एका अक्षराने चुकलं की शाळाप्रवेशाच्या वेळी पुन्हा कचेरीच्या खेपा.

घर विकत घेणार असाल तर विसार देण्याआधी ई-खाता, म्हणजे संगणकीकृत खाता उतारा मागा. बेळगावच्या आसपास शेतजमिनीचे तुकडे पाडून नुसत्या बाँडपेपरवर विकलेली घरं पुष्कळ आहेत. "नगरसेवक आपलाच आहे, करून देतो" असं एजंट म्हणाला तर उठून या. बिगरशेती, लेआउट मंजुरी, खाता यांतलं काहीच नगरसेवकाच्या सहीने होत नाही. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते, आणि थकबाकी नसलेल्या माणसाचा आवाज कचेरीत वेगळा लागतो.

कधी सांगायचं

बेळगावचा पाऊस नव्या माणसाला घाबरवतो. नाला आणि गटारं जूनमध्ये साफ करा म्हणून सांगण्यात हशील नाही. मार्चमध्येच अर्ज द्या, म्हणजे ठेका निघून मेअखेर काम होतं. बळ्ळारी नाल्याच्या आसपास, येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या शिवारात, पाणी तुंबलं की भातपीक बुडतं, त्यामुळे तिकडचे शेतकरी दरवर्षी आधीच निवेदनं देतात. तुमची वसाहत त्या बाजूला असेल तर त्यांच्या निवेदनात आपल्याही सह्या घाला. रस्त्याच्या डांबरीकरणाची मागणी पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन काम सुरू होत नाही, फक्त दुरुस्ती मागता येते.

मतदार यादीचं काम मात्र कोणत्याही महिन्यात करता येतं. नाव कुठेच नसेल तर फॉर्म ६, दुसऱ्या गावच्या यादीतून इथे आणायचं असेल तर फॉर्म ८. भागाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा अधिकारी, कोण हे जवळच्या शाळेत विचारा, बहुतेकदा तिथलेच गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई निघतात. १९५० वरही माहिती मिळते. नाव चढलं की यादीतला भाग क्रमांक वहीत पीआयडी नंबरच्या खाली लिहून ठेवा.